सांदणच्या टाचा : चौदावा आठवडा

आज सकाळी आमच्या सांदण या मादी सशाच्या उजव्या टाचेवरची शेवटची खपली आपोआप गळून पडली. खाली कातडी कोरडी, गुलाबी, कडेने थोडी जाडसर. ओल नाही, वास नाही, बोटाने हलकेच दाबलं तर पाय ओढून घेत नाही. डावी टाच सहाव्या आठवड्यातच बरी झाली होती. उजवीने मात्र जुलैपासून ऑक्टोबर उजाडेपर्यंत वाट पाहायला लावली. ससे पाळणाऱ्या कोकणातल्या प्रत्येकाला पावसाळ्यात टाचेची ही जखम कधीतरी समोर येणार, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

सांदण पांढरीशुभ्र, रेक्स वळणाची. या जातीचे केस मखमलीसारखे आखूड असतात. अंगावर ते सुंदर दिसतात, पण तळव्याला तेच कमी पडतात. सशाला कुत्र्या-मांजरासारख्या पायाखाली गाद्या नसतात, कातडीखाली जवळजवळ थेट हाड, आणि मध्ये फक्त केसांचा थर. तो विरळ झाला की टाच उघडी. आमची दुसरी, बुंदी, त्याच पडवीत, त्याच फरशीवर राहते. तिचे केस दाट, वजन कमी. तिच्या टाचांना अजून ओरखडासुद्धा नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सांदण बसताना सारखा पाय बदलते असं दिसलं. आधी वाटलं, पावसाने आळसावली आहे. तिला मांडीवर घेऊन पाठ माझ्या पोटाला टेकवली, शेवग्याच्या पाल्याची डहाळी पुढे धरली आणि तळवे पाहिले. (उताणं करून पाहू नका. ससा तेव्हा निपचित पडतो तो घाबरून, शांत होऊन नव्हे.) डाव्या टाचेला लाल चट्टा. उजवीला नऊ मिलिमीटरची खपली आणि कडेला ओलसरपणा.

खरं सांगायचं तर चूक आमचीच. विकणाऱ्याने ‘स्वच्छ राहतं’ म्हणून तारेच्या तळाचा पिंजरा दिला होता. तो आम्ही वर्षभरापूर्वी काढला, पण त्याऐवजी गुळगुळीत टाइल आणि त्यावर एक चादर, एवढंच केलं. चादर सरकायची, जूनमध्ये ती वाळेना, मुतलेला कोपरा कायम दमट. नखंही वाढली होती. नखं लांबली की बोटं जमिनीवरून उचलली जातात आणि बोटांवरचा भार मागे टाचेवर येतो. त्यात वजन ३ किलो ६०० ग्रॅम. बरगड्या हाताला लागतच नव्हत्या.

जवळचे डॉक्टर गाईम्हशी बघतात, त्यामुळे चिपळूणला गेलो. हापूसच्या रिकाम्या क्रेटमध्ये टॉवेल, त्यावर गवत, आणि सोबतीला बुंदी. डॉक्टरांनी दाबून पाहिलं: पू हाडापर्यंत गेलेला नाही, पण उशीर केला असता तर गेला असता. सशाचा पू पातळ नसतो, टूथपेस्टसारखा घट्ट असतो. तो वाहून जात नाही, आत साठतो आणि हाड कुजवतो. तिथवर पोचलं की उपचार फार अवघड. त्यांनी वेदनाशामक आणि सिल्व्हर सल्फाडायझिन मलम दिलं, तेही अगदी पातळ लावायचं आणि ती चाटणार नाही असं पाहायचं. एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली आणि मीही बजावते: माणसांच्या औषधांच्या डब्यातलं अमॉक्सिसिलिन सशाला तोंडाने कधीही देऊ नका. त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक वाढतात आणि ससा दगावू शकतो. स्टेरॉइडचं मलमही नको.

घरी आल्यावर आई (सासूबाई) म्हणाल्या, “अगो, हळद नि खोबरेल लाव, आमच्या वासरांना तेच लावायचो.” त्यांची माया मला कळते. पण तेलाने केस चिकटतात, त्यांना माती धरते, आणि टाचेला हवे असतात ते कोरडे, मोकळे केस. त्यांना हे समजावल्यावर नखं कापताना सांदणला धरायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या पुढेच कापायचं. एकदा शीर लागली, तेव्हा मक्याचं पीठ दाबून धरलं, रक्त थांबलं. आता दर तीन आठवड्यांनी कापतो.

जखम रोज एकदा सलाइनने पुसायची आणि टिपून पूर्ण कोरडी करायची, बस. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, त्याने नवी कातडीही जळते. खपली ओढायची नाही. भोवतीचे गुंतलेले केस कापायचे नाहीत, तीच तिची गादी. बँडेज आम्ही चार दिवस करून पाहिलं. ते सरकून एका बाजूला गोळा व्हायचं, आत ओल धरायचं. डॉक्टरांना विचारून सोडून दिलं.

माझा सगळा जीव गेला तो जमिनीत. औषधाने जखम भरत होती, पण जमीन ती पुन्हा उघडत होती. आधी गोणपाटावर भाताचा पेंढा घातला. काड्या टोचतात, आणि आषाढात तिसऱ्या दिवशी कुबट वास, पाचव्या दिवशी बुरशी. मग फोमची चटई आणली. बुंदीने ती कुरतडायला घेतली, पोटात जायच्या आत काढून टाकली. शेवटी आईंच्या जुन्या सुती लुगड्यांच्या पाच-पाच पदरी छोट्या वाकळी शिवल्या, आठ नग. टाके आखूड ठेवले, म्हणजे नख अडकत नाही. टाइलवर लाकडी फळी, फळीवर वाकळ. मऊ, पण पाय रुतेल इतकी नाही. रोज दोन बदलायच्या. उन्हाचं नाव नाही, म्हणून पंख्याखाली वाळवून वर गरम इस्त्री.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? तळहात वाकळीवर दाबून दहा आकडे मोजते. हात उचलल्यावर गार-दमट लागला तर ती बदलायचीच, दिसायला कितीही कोरडी असो.

मुतायच्या कोपऱ्यात उथळ ट्रे, त्यात वर्तमानपत्राची घडी आणि वर सुकं गवत, सकाळ-संध्याकाळ बदल. सुक्या गवताची बेगमी मात्र आगोटीलाच करायला हवी होती. पापड-मसाल्याबरोबर सशांचं गवतही मे महिन्यात भरायचं असतं, हे यंदा कळलं. जुलैत ते महाग पडलं. पडवीला मच्छरदाणी लावली आणि दिवसातून दोनदा शेपटीखाली व जखमेवर नजर. पावसात माशी बसून अळ्या पडायला एक दिवस पुरतो.

गोळीखाद्य निम्म्यावर आणलं, केळं बंद केलं. दर रविवारी वजन केलं: ३६००, ३५५०, ३५६०, ३४७०… आज ३२४०. घाई केली नाही, कारण ससा उपाशी राहिला की आतडी थंडावतात.

दहाव्या आठवड्यात मात्र माघार झाली. गणपतीत वाडीत फटाके वाजले, सांदणने रात्रभर मागचे पाय आपटले. भ्याला की ससा पाय आपटून इशारा देतो, तो त्याचा स्वभावच. सकाळी खपली फाटून वाकळीवर रक्त. फार वाईट वाटलं. त्या रात्रीपासून विसर्जनापर्यंत दोघींना माजघरात घेतलं, फळीवर दोन वाकळी अंथरल्या आणि मी शेजारी झोपले.

टाचेवर केस पूर्ण उगवतील असं डॉक्टरांना वाटत नाही. रेक्सला थोडं टक्कल, थोडा घट्टा राहतोच. तो कोरडा, न दुखणारा असेल तर त्याच्या मागे लागायचं नाही. लाली, सूज, खपली किंवा ओल दिसली तर मात्र त्याच दिवशी बघायचं.

आजचं माप: उजवी टाच, उघडी कातडी सहा मिलिमीटर, कोरडी. मघाशी खळ्यात ऊन पडलं होतं. आठही वाकळी एकदम उन्हात वाळत घातल्या, शिवल्यापासून पहिल्यांदा. सांदण पडवीच्या कडेला चारही पाय पसरून, टाचा वर करून पडली आहे.