क्लोरीन भरपूर, तरी पाणी हिरवं: सोसायटीच्या पूलचा माझा अनुभव

अजूनही मोबाईलमध्ये पाणी तपासणाऱ्या त्या लॅबचा नंबर दिसला की माझं डोकं तापतं. एका टेस्टसाठी त्यांनी १९ दिवस घालवले आणि शेवटी ती केलीच नाही. इकडे आमचा पूल हिरवागार, आणि ऐन सुट्टीत मुलं टॉवेल खांद्यावर टाकून कुंपणाबाहेर उभी.

आमची सोसायटी पुण्यातली. पूल १२ बाय ६ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे साधारण ८६,००० लिटर पाणी. हा आकडा पंपरूमच्या भिंतीवर लिहून ठेवा, पुढचा प्रत्येक हिशेब त्याच्यावरच चालतो. कमिटीत पूलचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मोटर, फिल्टर, लाइफगार्ड, सगळं सुरळीत होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पायरीच्या कोपऱ्यात हात लावला तर बुळबुळीत लागलं. चार दिवसांत हिरवट झाक आली आणि मग तळाची जाळी दिसेनाशी झाली. मी त्याच संध्याकाळी पूल बंद केला. जाळी दिसत नाही म्हणजे तळाला गेलेलं मूलही दिसणार नाही. इथे कुणाच्याही आग्रहाला बळी पडू नका.

एजन्सीचा मुलगा रोज सकाळी नळीत पाणी घ्यायचा, थेंब टाकायचा आणि म्हणायचा, “ताई, बघा ना, पिवळंधमक आलंय. क्लोरीन तीनच्या वर आहे.” पीएच ७.४. दोन्ही आकडे अगदी हवे तसे. त्याचे सुपरवायझर म्हणाले, अजून पावडर टाकू. टाकली. पाणी हिरवं ते हिरवंच.

त्या पावडरच्या डब्यावर ‘टीसीसीए ९०’, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, लिहिलेलं होतं. दोन रात्री वाचत बसले तेव्हा उलगडा झाला. या पावडरमधून क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही पाण्यात जातं. उघड्या पूलमध्ये ते थोडं हवंच, ३० ते ५० पीपीएम (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम), नाहीतर आपल्याकडच्या उन्हात क्लोरीन दोन-तीन तासांत उडून जातं. पण क्लोरीन खर्च होतं आणि हे मागे साठत राहतं. ते उडत नाही, फिल्टरमध्येही अडकत नाही. वाढलं की क्लोरीनला धरून ठेवतं. किटमध्ये ते धरलेलं क्लोरीनही मोजलं जातं, शेवाळ मात्र मरत नाही. आमच्याकडे रोज २५० ग्रॅम पावडर पडत होती, म्हणजे दिवसाला दीड पीपीएमहून जास्त सायन्युरिक ॲसिड. तेही डिसेंबरपासून!

हे कमिटीला पटवायला कागद हवा, म्हणून लॅब गाठली. त्यांच्या ‘स्विमिंग पूल पॅकेज’मध्ये पीएच, टीडीएस, हार्डनेस, कोलिफॉर्म होतं. फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने ‘सायन्युरिक ॲसिड’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. “होऊन जाईल मॅडम.” नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. दोन पानं, शिक्का, सही, आणि मला हवी ती एक ओळ नाही. विचारलं तर ते पॅकेजमध्ये येत नाही, वेगळे पैसे भरा. भरले. नवा नमुना घेऊन परत गेले. मग रोजचा फोन. सर आज आले नाहीत, रिपोर्ट टायपिंगला गेलाय, उद्या नक्की. १९व्या दिवशी सांगितलं, “त्याचं केमिकल आमच्याकडे नाही, तुमचे पैसे पुढच्या टेस्टमध्ये वळते करू.” काउंटरवर मी आवाज चढवला आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. नमुना देण्याआधी ‘ही टेस्ट तुमच्याकडे होते का’ हे लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका.

शेवटी मी ऑनलाइन किट मागवलं. पाण्यात त्यातलं औषध मिसळलं की पाणी दुधाळ होतं. ते तळाशी काळा ठिपका असलेल्या उभ्या नळीत हळूहळू ओतायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि खूण वाचायची. आमचा ठिपका सगळ्यात खालच्या, १०० च्या खुणेपर्यंत पाणी चढायच्या आधीच गायब, म्हणजे १०० च्याही वर! मग नमुन्यात तेवढंच पिण्याचं पाणी मिसळून परत केलं. ९० आलं. दुप्पट केले, १८०. अध्यक्ष काकांना ती नळी हातात देऊन त्यांच्याकडूनच ओतून घेतली.

उपाय एकच, पाणी बदलणं. काका म्हणाले, “मे महिन्यात टँकर मागवून आधीचं पाणी फेकायचं? लोक काय म्हणतील?” म्हणणं रास्तच होतं. आम्ही ते फेकलं नाही, रोज थोडं थोडं फ्लशिंगच्या टाकीत वळवलं. दोन तृतीयांश काढलं आणि १०,००० लिटरचे सहा टँकर पूलमध्ये ओतले. रीडिंग ६० वर आलं. मग संध्याकाळी लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे सायन्युरिक ॲसिड नसलेलं पातळ क्लोरीन), भिंती ब्रशने घासणं, फिल्टर चोवीस तास. तिसऱ्या दिवशी तळाच्या जाळीचे स्क्रू मोजता येत होते. माझी मुलगी पहिली उतरली.

आता रोजचं क्लोरीन हायपोचंच, दोन पीपीएमला १० टक्क्यांचं साधारण पावणेदोन लिटर, ऊन उतरल्यावर. कॅन ताजा घ्या, उन्हात ठेवला तर हायपोचा जोर जातो. त्याने पीएच वर सरकतो, ७.८ च्या पुढे जाऊ देऊ नका. फिल्टरचं प्रेशर नेहमीपेक्षा आठ-दहा पीएसआय वाढलं की बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवा, आधी उगाच नको.

डोळे चुरचुरतात, ‘क्लोरीनचा वास’ येतो, म्हणून क्लोरीन कमी करू नका. तो वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन येतो. उतरण्याआधी साबणाने अंघोळ सक्तीची करा.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. पंपरूममध्ये पीएच उतरवायच्या ॲसिडचे कॅन आणि पावडरचे डबे एकाच फळीवर होते. दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. पावडर आणि हायपोही एकमेकांत मिसळायचे नाहीत, मापाचा मगसुद्धा वेगळा हवा. आमचे डबे त्याच दिवशी वेगळ्या खोलीत हलवले. त्या खोलीची चावी माझ्याकडे आहे.