फाल्गुनात उजनीच्या काठावर, एका सकाळी नऊ जातीचे मासे

महाशिवरात्र झाली की माझं लक्ष कामात राहत नाही, खरं सांगतो. पुण्यात ऑफिसला बसलेलो असतो आणि डोक्यात एकच, आता पाण्याला ऊब आली असेल. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या बॅकवॉटरला लागून, आणि माघाची थंडी सरून फाल्गुन लागतो तेव्हाचे ते तीनचार आठवडे म्हणजे गळ टाकणाऱ्या माणसासाठी वर्षातले सगळ्यात भारी दिवस. पळस फुललेला असतो, शाळूची काढणी चालू असते, पहाटे अजून स्वेटर लागतो पण दहा वाजता सावली शोधावी लागते. मासा पण तसंच करतो. सकाळी खोल पाण्यात, ऊन चढलं की उथळाला.

यंदा शिमग्याच्या आधीच्या रविवारी गेलो होतो. एकटा नाही, तात्यांबरोबर. तात्या आमच्या आळीतलेच, भोई, आयुष्य पाण्यावर गेलं, मासेमारीचा परवाना आहे त्यांच्याकडे, मी लहानपणापासून त्यांच्याच मागे काठावर फिरतोय. त्यांना विचारल्याशिवाय मी तिथे गळ टाकत नाही आणि कुणी टाकू पण नये असं मला वाटतं, कारण आपल्यासाठी ती रविवारची हौस असते आणि त्यांच्या घरची चूल त्यावर चालते.

पूर्वी मी पण किलोवरच मोजायचो, आज चार किलो मिळाले, आज सहा. गेल्या दोनतीन वर्षांत ते सोडलं. आता मी जाती मोजतो. एका सकाळी एकाच काठावर किती वेगवेगळे मासे गळाला लागतात हे बघायचं, बाकी काही नाही. आणि ह्या नादात मला माझी नदी जास्त कळली, कारण चिलापी (तिलापिया) धरायला काही कळावं लागत नाही, पण वाम, म्हणजे तो सापासारखा लांब मासा, धरायची असेल तर वाम कुठे झोपते ते माहीत पाहिजे.

साडेपाचला काठावर होतो. उजेड नव्हता. अशा वेळी वर तरंगा लावून काही उपयोग नसतो, गळ तळाला गेला पाहिजे, म्हणून शिसं जरा जड लावलं, जाड तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), आणि गांडूळ. गांडूळ पण अर्धं तुकडा करून नाही, अख्खं, लोंबतं. दगडाच्या बांधाजवळ टाकलं, जुना बांध आहे, धरण व्हायच्या आधी कुणाच्या तरी शेताचा असणार, पाणी उतरलं की वर दिसायला लागतो. वाम अशाच दगडांच्या फटीत दिवस काढते आणि अंधारात बाहेर येते. पहिला ओढा आला तो शिंगटीचा मात्र. वीतभर. शिंगटी काढताना घाई करायची नाही, पाठीवर एक आणि दोन्ही बाजूच्या परांना एकेक असे तीन काटे असतात, ती ते ताठ करून ठेवते, हातात घुसला की संध्याकाळपर्यंत ठणकतं. तात्या दोन बोटं बरोबर त्या बाजूच्या काट्यांच्या मागून घालून उचलतात, मी अजून फडकं वापरतो.

मग वाम आली, अर्धा हात लांब, आणि वाम आली की तंगूस गेलाच, स्वतःभोवती असे वेढे घेते की सोडवण्यापेक्षा कापून नवा गळ बांधणं बरं. तोपर्यंत तांबडं फुटलं होतं. पलीकडे पाण्यात फ्लेमिंगोंची रांग दिसायला लागली, भिगवण कुंभारगावला लोक कॅमेरे घेऊन ह्यांनाच बघायला येतात, आम्हाला ते फुकटात दिसतात.

उजेड झाल्यावर मी सगळं बदललं. बारीक गळ, पातळ तंगूस, थर्माकोलचा छोटा तुकडा तरंगायला, आणि कणकेत थोडं हरभऱ्याचं पीठ आणि हळद घालून मळलेली गोळी, ज्वारीच्या दाण्याएवढीच. अर्ध्या हातावर ठेवलं की अळकूट लागतात, चांदीच्या पातीसारखे, पाण्याच्या वरच्या थरातच असतात आणि इतके चपळ की तरंगा हलला म्हणेपर्यंत गोळी गेलेली असते. तेच गळ दीड हात खाली सोडलं की खवली. अळकूट आणि खवली एकाच जागी, फक्त हातभर खोलीचा फरक, आणि हे मला पंधरा वर्षं काठावर बसून कळलं नव्हतं कारण मी कधी खोली बदलून बघितलीच नव्हती, एकदा तरंगा बांधला की दिवसभर तसाच.

नऊ वाजले. ऊन लागायला लागलं. तात्या म्हणाले, "आता हिकडं उथळाला चल, आता ती वर येत्यात."

उथळात कमरेपेक्षा कमी पाणी होतं आणि तळाला ताटलीएवढे गोल गोल खड्डे दिसत होते, एकाशेजारी एक, जणू कुणी पराती दाबून काढल्यात. चिलापीचे. नर तोंडाने माती उचलून खड्डा करतो, मादी तिथे अंडी घालते आणि मग ती अंडी स्वतःच्या तोंडात घेऊन फिरते, पिल्लं निघाली तरी काही दिवस तोंडातच. पाणी कोमट झालं की हे सुरू होतं म्हणून फाल्गुनात उथळ भाग खड्ड्यांनी भरून जातो. गळ टाकायचा अवकाश, नर धावून येतो, भूक म्हणून की जागेसाठी भांडायला ते त्यालाच माहीत. चिलापी काही मिनिटांत चार लागली, ती मी एकच जात धरली.

तात्यांनी तिथेच एकदा फेकजाळं टाकलं, त्यात एक मादी आली, तिने जाळ्यात तोंड उघडलं आणि पिवळी अंडी बाहेर सांडली, भिजवलेल्या मुगाएवढी पण नसतील, जाळ्याच्या दोऱ्यांवर चिकटली. आम्ही दोघं बघत राहिलो. मी म्हणालो, "तात्या, सोडायची का?" हा मासा आपला नाही, मूळचा आफ्रिकेतला, 1952 साली भारतात आणला, आणि आता उजनीत जिथे जाळं टाकाल तिथे हाच, बाकीच्या माशांची जागा ह्यानेच खाल्ली असं सगळे म्हणतात. आणि भिगवणच्या हायवेवरच्या हॉटेलात लोक गाडी थांबवून चिलापी फ्रायच मागतात, तात्यांच्या नातवाची फी पण ह्या चिलापीतूनच भरली गेली. तात्यांनी उत्तर दिलं नाही. तिला पाण्यात धरली, जरा हलवली आणि सोडली. मग जाळ्यावरची अंडी पाण्यात झटकली. मला अजून कळत नाही बरोबर काय होतं, पण मी पण तेच केलं असतं.

पुढचं पटकन सांगतो. शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा ह्याचे लाडू टाकून ठेवले होते तिथे सायप्रनस (कॉमन कार्प) लागला, किलोभर, आणि अर्ध्या तासाने एक रोहू. ही दोन्ही धरणात सोडलेल्या बीजातली. एक सकर पण आला तात्यांच्या जाळ्यात, ते काळं खरखरीत फिशटँकमधलं, कुणीतरी घरची टाकी रिकामी करताना नदीत सोडलेलं वाढून वाढून इथवर आलेलं. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि विकलं पण जात नाही. कृपा करून टाकीतले मासे नदीत सोडू नका. ज्यांनी सोडले त्यांना वाटलं असेल आपण जीव वाचवला, पण तात्यांची संध्याकाळ जाळं शिवण्यात जाते. हा काही मी मोजत नाही.

मरळ लागली नाही. पाणगवताच्या कडेला ती हवा घ्यायला वर येते तेव्हा बुडुक असा आवाज होतो, तो दोनदा ऐकला, बेडकीचं पिल्लू लावून बघितलं, आली नाही. पाडव्याला परत बघू.

आठवा मासा होता खरपा. हा वाळूत पोट टेकून बसतो, वाळूच्याच रंगाचा, झिंगा लावून गळ तळावरून अगदी हळू ओढला की झेपावतो. डोळे वर, जबडा पुढे आलेला. मी तो हातात धरला आणि तात्यांना म्हणालो, तुम्हाला एक गंमत सांगतो.

विल्यम सायक्स नावाचा एक इंग्रज कर्नल होता, मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करायला फिरला, आणि 1839 साली त्याने आपल्या ह्या नद्यांमधल्या माशांचं वर्णन लंडनला छापलं. त्याला नवीन माशांना शास्त्रीय नावं द्यायची होती तेव्हा त्यातल्या कितीतरी माशांना त्याने लॅटिन नाव शोधलं नाही, इथल्या मासेमारांनी जे सांगितलं तेच लिहून घेतलं. खरप्याला त्याने 'कुरपाह' लिहिलं. शिंगटीचं आजचं शास्त्रीय नाव मिस्टस सींगटी. शिंगाळ्याचं स्पेराटा सीनघाला. ओढ्यात दगडाला चिकटून बसणारा मळ्या, तो गारा मुल्या. कोळस, खुदरी, ताकरी, गुंगवारी, अळकुटी, सगळी तशीच. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी भीमेच्या, मुळा-मुठेच्या काठावर तात्यांच्याच कुणा पणजोबा-खापरपणजोबांनी मासा हातात धरून सांगितलं "ही शिंगटी", आणि आज जपानमधला शास्त्रज्ञ पण तिला सींगटीच म्हणतो. त्या सांगणाऱ्यांपैकी एकाचं पण नाव कुठे नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

तात्या ऐकत होते, तंबाखू मळायची थांबली होती. मी मोबाईल काढला, यादी सेव्ह करून ठेवलीय, आणि एकेक नाव वाचायला लागलो, तेवढ्यात माझ्या दुसऱ्या काठीला ओढ बसली आणि एक छोटा शिंगाळा आला, नववा, लांब मिशांचा. तो बुट्टीत टाकला आणि परत वाचायला बसलो. कोळस म्हटल्यावर तात्या म्हणाले, "हुता, आता न्हाई गावत." ताकरी, "कधीमधी, पावसाळ्यात." गुंगवारीला मान हलवली. मुसळा म्हटल्यावर हात पसरून दाखवला केवढा असायचा ते. पुण्याचं सगळं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, वास येतो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

मग मी वाचलं, नुकटा.

तात्या उठून उभे राहिले. "काय म्हनला?"

"नुकटा. सायक्सनेच लिहिलाय."

"आरं, हे नाव मी पन्नास वर्सांत कुनाच्या तोंडून ऐकलं न्हाई," ते म्हणाले, आणि स्वतःच्या नाकाच्या वर, कपाळाखाली बोट ठेवलं. "हितं असं टेंगूळ असतंय त्याला. धरान न्हवतं तवा, माझ्या बापानं दाखवला हुता. एकदाच."

मी त्यांना मोबाईलवर नुकट्याचं चित्र उघडून दिलं. त्यांनी तो दोन्ही हातात धरला, उन्हात दिसेना म्हणून डोक्यावरचा टॉवेल पुढे ओढून सावली केली, आणि बराच वेळ बघत बसले. माझा तरंगा तिकडे दोनदा बुडाला, मी काठीला हात लावला नाही.