तुम्ही विचारलंत म्हणून: मैनेनंतर रायण्णा का?

‘माझी मैना’ म्हणून लोकांना रडवता आणि पुढच्याच गाण्याला कन्नड सुरू करता; तुम्ही नेमके कुणाकडचे? कार्यक्रम संपून वायरी गुंडाळायला घेतल्या की कुणीतरी हे विचारतंच. कन्नड मंडळी हाच प्रश्न उलटा विचारतात.

अण्णा भाऊ साठ्यांच्या छक्कडीत पोटासाठी मुंबईला गेलेला गडी गावी राहिलेल्या मैनेसाठी झुरतो. बरेच गायक तिथंच थांबतात. पण पुढं तीच गत खंडित महाराष्ट्राची झाली म्हणत बेळगाव, कारवार, निपाणी येतात. तो भाग मी गाळत नाही. कधीच.

कन्नड गाणं म्हणजे ‘बेळ्ळन बेळगायितु’. ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ या १९६७ च्या चित्रपटासाठी लताबाईंनी गायलेलं, चाल लक्ष्मण बेर्लेकरांची. रायण्णा कित्तूरच्या राणी चन्नम्माचा माणूस. इंग्रजांनी १८३१ साली त्याला फाशी दिली ती नंदगडला, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात. माझं आजोळ तिथून जवळच. मग ते गाणं मी म्हणायचं नाही?

पहिल्यांदा म्हटलं तेही आजोळच्याच गणपतीत. मामा पुढच्या खुर्चीवर. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात काठ्या खाल्लेला. त्याचा डावा हात अजून पुरता वर जात नाही. मैनेला वन्समोअर त्यानंच दिला. मग मी रायण्णाची गोष्ट सांगितली, पेटीवाल्यानं सूर धरला, पहिली ओळ झाली आणि मामा उठून थेट स्टेजखाली आला. “कुणासाठी म्हणूलैस हे?” माइक चालू होता, सगळ्या मांडवानं ऐकलं. मी गात राहिलो. तो निघाला, पण गर्दीत चपला सापडेनात. मांडवाच्या कडेला वाकून हुडकत राहिला, आणि माझं कडवं काही संपेना. मामी नंतर म्हणाली, “गळा चांगलाय रे तुझा, वेळ तेवढी कळत नाही.”

कॉलेजात असताना मीही मामासारखाच होतो. ऑर्केस्ट्रावाल्यानं कन्नड गाणं बसवायला सांगितलं तेव्हा म्हणालो होतो, “दुकानांच्या पाट्या बदलल्यात, आता गळा पण बदलायचा?” त्या पोराला, म्हणजे तेव्हाच्या मला, आज मी कुमार गंधर्वांचं उदाहरण देतो. जन्म इथल्याच सुळेभावीचा, घरची भाषा कन्नड, आणि ‘ऋणानुबंधाच्या’ त्यांच्या आवाजाशिवाय ऐकवत नाही. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्करही गुर्लहोसूरचे, याच जिल्ह्यातले. पोरगं ऐकून घेतं आणि विचारतं, “त्यांच्यावर कुणी सक्ती केली होती का?”

इथं माझी बोलती बंद होते. ‘गाण्याला सीमा नसते’ हे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी म्हणावं. त्यांना रात्री गाडी पकडायची असते.

मामा अजून कार्यक्रमाला येत नाही. यादीतून मी मैना काढलेली नाही, रायण्णाही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एवढं सांगितलं. आता कुठलं आधी म्हणायचं नि कुठलं नंतर, ते तरी माझ्यावर सोडा.