चाळांना आलेला झोका

गणपतीच्या आधी रत्नागिरीत आम्हा स्टुडिओवाल्यांना जेवायलाही फुरसत नसते. अशाच गडबडीत संगमेश्वरकडचा एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला. गावच्या जाखडीचं, म्हणजे आमच्या कोकणातल्या गोल फिरून करायच्या नाचाचं, रेकॉर्डिंग त्याने हाऊस या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताच्या बीटवर बसवलं होतं. वेग १२५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२५ ठोके. खाली किक (ठोक्याठोक्याला पडणारा ड्रमचा 'धप्प') आणि बेस (खालच्या सुरांची ओळ), वर मृदंग, झांज आणि नाचणाऱ्यांच्या पायातले चाळ.

"काका, सगळं आहे यात, पण पाय हलत नाहीत. जरा आवाज वाढवून द्या."

आवाज भरपूर होता. पण किक पडली तरी बेस बाजूला होत नव्हता आणि चाळांची खळखळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर. कोणी कोणाला जागाच देत नव्हतं.

आधी बेसवर कॉम्प्रेसर (आवाज दाबणारं साधन) टाकला आणि त्याची साइडचेन, म्हणजे कधी दाबायचं ते सांगणारी वाट, किकला जोडली. किक वाजली की बेस दबतो, मग वर येतो. हाऊसमध्ये हे सगळेच करतात. खरी मेख रिलीजमध्ये, म्हणजे दबलेला आवाज परत वर यायला लागणाऱ्या वेळेत आहे. १२५ च्या वेगाला दोन किकमध्ये ४८० मिलिसेकंद, म्हणजे ऑफबीट, दोन ठोक्यांची बरोबर मधली जागा, २४० वर. बेस तिथे भरून आला पाहिजे. रिलीज फार कमी ठेवला तर दबल्याचं जाणवतच नाही, फार लांबवला तर पुढची किक येईपर्यंत बेस खालीच राहतो. प्रत्येक कॉम्प्रेसरचा स्वभाव वेगळा, त्यामुळे शेवटी कानाने ठरवायचं. मी १८० च्या आसपास थांबलो.

"चाळ पण किकलाच जोडा ना," तो म्हणाला. ते मी ऐकलं नाही. त्यांचा मृदंगवाला किकच्या किंचित मागे वाजवत होता, आणि जाखडीची सगळी मजा त्या रेंगाळण्यात आहे. म्हणून चाळांचा कॉम्प्रेसर मृदंगाला जोडला. पण जाखडीत वादक मध्ये बसतात, नाचणारे भोवती फिरतात. मृदंगाच्या माइकमध्ये झांज भरपूर शिरलेली. कॉम्प्रेसर झांजेलाच दबायला लागला. मग साइडचेनवर फिल्टर लावून १५० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं. उरला तो डाव्या पुडीचा घुमारा. आता प्रत्येक 'धुम'ला चाळ पाच-सहा डेसिबल खाली जायचे आणि पुढच्या पावलाला उसळून वर यायचे. मृदंगाच्या थापेवर मात्र मी काही लावलं नाही. ती मोकळीच हवी.

त्याला हा दाब आणखी हवा होता. वाढवून ऐकवला, तर चाळांच्या जागी नुसता भाता चालल्यासारखा आवाज. त्यालाच ते पटलं नाही.

मग मिक्स त्याच्या मोबाइलवर लावला. गावात निम्मे लोक तिथेच ऐकणार. त्या एवढ्याशा स्पीकरवर बेस जवळजवळ गायब होतो, त्यामुळे त्याची सगळी उसळीही जाते. तरी ताल तसाच झुलत होता, कारण तो चाळांतून ऐकू येत होता. त्याने तिथूनच फाइल मंडळाच्या बुवांना पाठवली.