वायमार: घन, गोल आणि वजीर

जर्मनीतल्या वायमारला लोक येतात ते गटे आणि शिलर या जर्मन साहित्यिकांसाठी. आम्ही गेलो होतो बुद्धिबळाच्या 32 लाकडी मोहऱ्यांसाठी. योझेफ हार्टविग या शिल्पकाराने बाउहाउस या कला आणि रचनेच्या शाळेत 1922 ते 1924 या काळात घडवत नेलेला हा संच फोटोत खूपदा पाहिला होता. पण फोटो एकाच बाजूने दिसतो आणि शिल्पाभोवती फिरावं लागतं, म्हणून मूळ संच बघायचाच असं मनात होतं. बुद्धिबळाचं वेड दादाचं, शिल्पाचं माझं. त्यामुळे कुठे जायचं यावर वाद झाला नाही.

एर्फुर्टहून रेल्वेने वायमार जेमतेम पाव तासावर आहे. स्टेशनातून एक सरळ रस्ता गावात उतरतो आणि बाउहाउस म्युझियम त्याच दिशेला लागतं. बाउहाउसच्या शताब्दीला, 2019 साली, ते उघडलं. हाइके हानाडा या वास्तुविशारदेने रचलेली ही करड्या काँक्रीटची इमारत बाहेरून जवळजवळ बंद पेटी वाटते. शेजारीच नाझींनी बांधलेलं गाउफोरुम हे अवाढव्य सरकारी संकुल उभं आहे. तो शेजार अस्वस्थ करतो, आणि करायलाच हवा. वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियसने 1919 साली इथे काढलेल्या या शाळेचं अनुदान 1924 च्या निवडणुकीनंतर आलेल्या उजव्या सरकारने निम्म्यावर आणलं आणि 1925 साली तिने देसाऊ शहराची वाट धरली. जाताना ग्रोपियसने कार्यशाळांमधल्या 168 वस्तू वायमारच्या कलासंग्रहाकडे ठेवल्या. आजच्या म्युझियमचा पाया त्याच वस्तूंचा आहे.

खुर्च्या, दिवे, गालिचे, पेटर केलरचा तो प्रसिद्ध पाळणा, हे सगळं बघण्यासारखंच आहे. पण मी सरळ बुद्धिबळाकडे गेले.

पहिल्यांदा जाणवतो तो लहानपणा. चित्रांत हे मोहरे इमारतींसारखे भव्य दिसतात, प्रत्यक्षात ते सहज मुठीत मावतील. लाकूड नाशपातीचं. एका बाजूचे मोहरे लाकडाच्या मूळ रंगाचे, दुसऱ्या बाजूचे काळे रंगवलेले. नाशपातीचं लाकूड इतकं एकसंध असतं की त्याच्या कडा धारदार राहतात, आणि या संचाचं सगळं सौंदर्य कडांवर आहे. कड बोथट झाली असती तर ते नुसते ठोकळे उरले असते.

आता मोहरे बघा. प्यादं म्हणजे छोटा घन, हत्ती म्हणजे मोठा घन. दोघेही पटाच्या कडेला समांतर, सरळ जातात. उंट तिरका चालतो, म्हणून त्याच्यासाठी घनातून तिरकी फुली कोरून काढली आहे. घोड्याला ना आयाळ ना तोंड. चार छोटे घन काटकोनात जोडलेले, कुठूनही पाहा, त्यात काटकोन सापडतोच. अडीच घरांची चाल लाकडात धरायची तर याहून नेमकी कशी धरणार? राजा सरळही चालतो आणि तिरकाही, म्हणून मोठ्या घनावर एक लहान घन कोन फिरवून बसवलेला. आणि वजीर, पटावरचा सगळ्यात मोकळा गडी, म्हणजे घनावर ठेवलेला गोल.

एवढंच. मुकुट नाही, बुरूज नाही. 1849 पासून विकल्या जाणाऱ्या आणि आज जगभर स्पर्धांत खेळल्या जाणाऱ्या स्टाँटन संचात मोहरा कोण आहे ते कळतं. हार्टविगच्या संचात तो काय करतो ते कळतं. माझ्या मते याच एका बदलामुळे हे शिल्प ठरतं. शिल्पकार दगडातून नको ते काढून टाकत जातो, तसं इथे राजेपण, घोडेपण सगळं काढून टाकलंय आणि उरली ती फक्त चाल.

दादाचा एक आक्षेप मला पटला. “अगं, प्यादं चालतं सरळ, पण मारतं तिरकं. ते या घनात कुठे आहे?” खरंच नाही. हार्टविगने प्याद्याची फक्त चाल घेतली, मार घेतला नाही. तरी मला तो घन तसाच आवडतो, कारण प्यादं आणि हत्ती एकाच घराण्यातले दिसतात, फक्त आकाराचा फरक.

हार्टविगबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण बाउहाउस म्हटलं की कांडिन्स्की आणि क्ले हे चित्रकार, आणि ग्रोपियस, हीच नावं पुढे येतात. तो जन्मला 1880 साली म्युनिकमध्ये, दगडकाम शिकून वर आला. विशीही ओलांडली नव्हती तेव्हा वास्तुविशारद आउगुस्ट एंडेलच्या आराखड्यावरून एल्विरा या फोटोस्टुडिओच्या दर्शनी भिंतीवरचं गिलाव्याचं प्रचंड काम त्याने केलं. लाटांसारखं उसळणारं, ड्रॅगनसारखं वळवळणारं ते नक्षीकाम नाझींनी पुढे काढून टाकलं, आज फक्त फोटोत उरलंय. बाउहाउसमध्ये प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत, एक आकाराचा आणि एक कारागिरीचा. दगड आणि लाकूडकामात हार्टविग कारागिरीचा गुरू होता. ऑस्कर श्लेमर आकाराचा. म्हणजे हा संच ज्याने घडवला त्याला उसळत्या नक्षीपासून मोकळ्या घनापर्यंत सगळं हातांनी ठाऊक होतं. ज्याने एल्विराची ती भिंत केली त्यानेच हे घन केले, हे कळल्यावर मला त्यांच्या साधेपणाबद्दल फार आदर वाटला. नक्षी येत नव्हती म्हणून सोडलेली नव्हती. बाउहाउस देसाऊला गेलं तेव्हा तो बरोबर गेला नाही, फ्रँकफर्टला शिकवू लागला. कदाचित म्हणूनही त्याचं नाव मागे पडलं असेल.

हा संच स्वित्झर्लंडची नेफ कंपनी आजही बनवते. दादाकडे तो होता, आणि अर्थातच त्याने तो बरोबर आणला होता.

दुपारी हेन्री व्हान डी व्हेल्डने बांधलेली शाळेची मूळ इमारत पाहिली. आता तिथे बाउहाउस विद्यापीठ आहे. जिन्यात हर्बर्ट बायरची 1923 च्या प्रदर्शनासाठीची भित्तिचित्रं, वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, पुन्हा रंगवलेली आहेत. तिथे फार रेंगाळलो नाही, कारण ऊन होतं तोवर इल्म नदीकाठचं उद्यान गाठायचं होतं.

उद्यानात बाकावर पट मांडला. पहिल्या काही चालींत माझा घोटाळा व्हायचा, मग डोळे सरावले आणि एक गंमत लक्षात आली: समोरचा उंट कुठल्या तिरक्या रेषेवर आहे हे त्याची फुलीच दाखवून देते. घोड्याला तोंड नसल्याने तो कुठे बघतोय हा विचारही संपतो. दादा जिंकला. तो नेहमीच जिंकतो.

तिथून जवळच गटेचं उद्यानगृह आहे. 1776 साली त्याला मिळालेलं, उतरत्या छपराचं घर. त्याच्या बागेत गटेने 1777 साली बसवलेला ‘सद्भाग्याचा दगड’ आहे, आणि तो बघून मी जागीच थांबले. दगडी घन, त्यावर दगडी गोल. घन म्हणजे स्थिर, गोल म्हणजे फिरतं दैव. दादाने खिशातून वजीर काढून त्याच्यासमोर धरला. आकार तोच, मधे जवळपास दीडशे वर्षं आणि बुद्धिबळाचा एक पट.

हार्टविगने तो दगड पाहून वजीर केला असा दावा मी करत नाही. पण बाउहाउसच्या कार्यशाळांपासून हे उद्यान काही मिनिटांवर आहे, आणि वायमारमध्ये राहून तो दगड न पाहणं अवघड आहे. आणि अर्थही जुळतो: दोन्हीकडे घन जागचा हलत नाही आणि गोलाला कुठेही जाता येतं.

वायमारला जाणार असाल तर आमच्या उलट करा. आधी उद्यानात जाऊन तो दगड पाहा. मग चढावरचं हाउस आम हॉर्न हे 1923 चं पांढरं घनाकृती घर पाहा आणि शेवटी म्युझियम गाठा. मग त्या छोट्या वजिरापुढे उभे राहाल तेव्हा नजर तयार झालेली असेल.