गोधडीची उरेब किनार

गोधडी झिजते ती बहुधा काठापासून. मधला भाग धावदोऱ्याच्या दाट टाक्यांनी धरून ठेवलेला असतो; काठ मात्र रोज हातात येतो, अंगावर ओढताना ताणला जातो, धुताना घासला जातो. आईच्या जुन्या नऊवारींची गोधडी दुरुस्तीला घेतली, तेव्हा आतले टाके शाबूत होते आणि किनार दुमडीवर सरळ रेषेत चिरत गेली होती. ती पट्टी उभ्या धाग्यात कापलेली होती. अशा पट्टीच्या दुमडीवर तेच दोन-चार धागे लांबवर येतात आणि ते झिजले की काठ उघडा पडतो. उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात कापलेल्या, पट्टीत ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) दोन्ही दुमडीला तिरपे ओलांडत असल्यामुळे झीज अनेक धाग्यांत वाटली जाते. शिवाय ती वळते, म्हणून गोल कोपऱ्यांना तीच लागते.

ही गोधडी ६० बाय ९० इंचांची, म्हणजे परीघ ३०० इंच. कोपरे आणि शेवटचा जोड यांसाठी १५ इंच जास्त धरले. अडीच इंच रुंदीच्या पट्टीला गणिताने साधारण २८ इंचांचा चौरस पुरतो. परंतु जोडांत आणि टोकांच्या त्रिकोणांत कापड जाते, म्हणून मी ३२ इंचांचा घेतला. कापड सुती पॉपलीनचे, आधी धुऊन आटवलेले. पट्ट्या ४५ अंशांत कापून, सुलट बाजू एकमेकींवर ठेवून, काटकोनात दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत टीप मारून जोडल्या आणि लांब पट्टी लांबीभर मधोमध दुमडली. इस्त्री मात्र दाबून उचलावी. फिरवली तर उरेब कापड तिथेच लांबते.

किनार पूर्णपणे मशीनवर लावायची असेल, तर पहिली टीप गोधडीच्या मागच्या बाजूने मारावी आणि पट्टी पुढे वळवून दुसरी टीप समोरून घालावी. म्हणजे दिसणारी शिवण आपल्या नजरेखाली राहते. मी १६ नंबरची सुई लावली, टाका तीन मिलिमीटरचा ठेवला आणि मशीनच्या फूटचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब थोडा सैल केला. ज्यांच्याकडे वॉकिंग फूट आहे त्यांनी तो अवश्य लावावा, कारण त्यामुळे वरचे आणि खालचे थर बरोबरीने सरकतात. गोधडीचे वजन टेबलावर पेललेले असावे. ते खाली लोंबले तर टीप वाकडी जाते.

पहिल्या बाजूला मी पट्टी नकळत ताणून धरत गेले. टीप सरळ आली, पण गोधडी पसरल्यावर काठ वाटीसारखा आत वळला आणि ती ६० इंचांची शिवण उसवावी लागली. पट्टी नुसती ठेवत जायची असते. गोल वळणावर तर किंचित सैलच सोडायची.

चौकोनी कोपऱ्यावर थांबण्याची जागा नेमकी हवी. टीप काठापासून तीन सूत आत असेल, तर पुढच्या काठाच्याही तीन सूत आधी थांबून दोरा पक्का करावा, पट्टी ४५ अंशांत वर दुमडावी, लगेच खाली आणून नव्या काठाशी जुळवावी आणि वरच्या कडेपासून पुन्हा सुरुवात करावी. पट्टी पुढे वळवल्यावर कोपऱ्यात तिरपी घडी आपोआप बसते. तिला टाचणीने धरावे. पुढे वळलेली दुमड पहिल्या टिपेच्या जेमतेम पलीकडे पोहोचते. तिच्या कडेपासून अर्धा सूत आत दुसरी टीप संथपणे घालावी. कोपऱ्याशी आल्यावर सुई कापडात खाली ठेवूनच फूट उचलावा आणि गोधडी वळवावी.

पहिल्या टिपेत सुरुवात बाजूच्या मध्यावरून करावी आणि दोन टोकांमध्ये दहा-बारा इंच मोकळे सोडावेत. टोके एकमेकांवर बरोबर अडीच इंच, म्हणजे पट्टीच्या उलगडलेल्या रुंदीइतकी, चढवून कापावीत आणि काटकोनात ठेवून तिरपी टीप मारावी. असा जोड इतर जोडांसारखाच सपाट बसतो. आईच्या गोधडीवर तो आता डोळ्यांनी शोधून सापडत नाही. बोट फिरवले, तरच लागतो.