फ्रिजचा सेन्सर बर्फात तपासला तेव्हा

गेल्या पावसाळ्यात फोंड्यातील आमच्या घरी फ्रिजच्या खालच्या भागातले पदार्थ गोठू लागले. दुधाच्या पिशवीत बर्फाचे खडे हाताला लागत, तांबडी भाजी काळवंडून मऊ पडे आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू राही. मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून त्यात रात्रभर तापमापक बुडवला, तेव्हा सकाळी पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि पारा शून्यावर होता. खालच्या भागात साधारण ४ अंश सेल्सिअस असायला हवे आणि तापमानाचे बटण तर मधल्या खुणेवरच होते.

मेकॅनिकने फ्रिजमधले तापमान ओळखणाऱ्या सेन्सरचा प्लग काढला, रोध मोजायला मल्टिमीटर लावला आणि आकडा पाहून सांगितले, “सेन्सर बरो आसा, बोर्ड गेला.” बोर्डाची, म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीची, किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असल्यामुळे मी थोडी मुदत मागून घेतली. गॅस कमी झाल्याची शंका मला पटण्यासारखी नव्हती, कारण गॅस कमी असता तर पदार्थ गोठलेच नसते. आमच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर खालच्या भागातल्या एकाच सेन्सरच्या इशाऱ्यावर चालतो. तिथे शून्य अंश असूनही तो थांबत नसेल, तर एक तर सेन्सर खोटे सांगत होता किंवा सेन्सरचे खरे बोलणे बोर्ड ऐकत नव्हता. या दोहोंतला दोषी आधी ठरवायचा होता.

हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. थंडी वाढेल तसा त्याचा विद्युतरोध वाढतो आणि त्यावरून बोर्ड तापमान ओळखतो. दुरुस्ती-पुस्तिकेतील तक्त्याप्रमाणे आमच्या सेन्सरचा रोध २५ अंशांना ५ किलोओहम आणि शून्य अंशाला सुमारे १६ किलोओहम असायला हवा होता. मेकॅनिकने दार उघडे ठेवून, सेन्सर खोलीच्या हवेत आल्यावर मोजणी केली होती. तशीच मोजणी मी केली तेव्हा ३० अंशांच्या आसपास ४ ऐवजी ३.४ किलोओहम आले. एवढा फरक कोणीही मीटरच्या किंवा हवेच्या माथी मारील, त्यामुळे त्याचा निष्कर्ष समजण्यासारखा होता.

मग मी स्टीलच्या पेल्यात बर्फ बारीक कुटून भरला, फटी बुजतील एवढेच पाणी ओतले आणि ढवळत राहिलो. वितळता बर्फ आणि पाणी यांचे मिश्रण शून्य अंशावर स्थिर राहते, मात्र त्यात मीठ जाता कामा नये, नाहीतर तापमान आणखी खाली जाते. सेन्सरच्या टोकाला बाहेरून ओल लागू नये म्हणून ते पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेल्यात बुडवले. मीटरवरचा आकडा चढत चढत साडेनऊ किलोओहमजवळ आला आणि तिथेच थोडा मागेपुढे डुलत राहिला. सोळाच्या जागी साडेनऊ! बोर्डाच्या लेखी याचा अर्थ ११ अंश असा होतो, म्हणूनच तो बिचारा कॉम्प्रेसर थांबवत नव्हता.

उबेत लपलेला दोष थंडीत उघडा का पडला, हे मला या साऱ्या प्रकारात सर्वांत महत्त्वाचे वाटते. सेन्सरच्या टोकावरील लाखेच्या आवरणात ओल शिरली की त्याच्या दोन तारांमध्ये विजेला गळतीची दुसरी वाट मिळते. उबेत सेन्सरचा स्वतःचा रोध कमी असल्याने वीज मुख्यतः त्यातूनच जाते आणि गळतीमुळे फारसा फरक पडत नाही. थंडीत तो रोध चौपट होतो आणि तीच गळती मोजमापाचा मोठा हिस्सा खाऊन टाकते. तार पूर्ण तुटली असती तर बोर्डाने चूक दाखवली असती, पण अर्धवट बिघडलेल्या सेन्सरवर तो विश्वास ठेवतो. तारांचा सांधा गंजून रोध वाढला असता, तर उलट घडून फ्रिज गरम राहिला असता.

बोर्ड निर्दोष असल्याची खात्री करणेही आवश्यक होते. फ्रिजचा प्लग भिंतीतून काढून, सेन्सरच्या जागी १५ किलोओहम एवढा ठरावीक रोध असलेला साधा रेझिस्टर जोडला आणि मगच वीज सुरू केली. काही बोर्डांत सेन्सरच्या ताराही मुख्य विजेपासून वेगळ्या केलेल्या नसतात, म्हणून वीज चालू असताना त्यांना हात लावणे धोक्याचे असते. पंधरा किलोओहम म्हणजे साधारण २ अंश, आणि कॉम्प्रेसर बंदच राहिला. पुन्हा वीज तोडून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला, तेव्हा बोर्डाने नेहमीप्रमाणे काही मिनिटे थांबून कॉम्प्रेसर सुरू केला. बोर्डात काहीही बिघाड नव्हता.

जुन्या सेन्सरची लाख नखाने उचलली तर आत तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढला होता. आपल्याकडे आषाढात दार उघडताच दमट हवा आत येते, पाणी तारेवरून ओघळत टोकाशी साचते आणि गोठून लाखेला चिरा पाडते. नवा सेन्सर त्याच मूल्याचा घेतला, सांध्यांवर आवरण नळी चढवून सिलिकॉन भरले आणि तारेला टोकाच्या अलीकडे खाली वाकवून वळसा दिला, म्हणजे पाणी तिथेच गळून पडेल. बसवण्यापूर्वी त्याचेही शून्य अंशावरचे मोजमाप घेतले. ते १६.३ किलोओहम आले आणि तो आकडा फ्रिजच्या मागे पट्टीवर लिहून ठेवला आहे, म्हणजे पुढच्या वेळी येणाऱ्या मेकॅनिकला तुलना करता येईल.